दार उघडलं, असं मी सांगितलं

९ नोव्हेंबर, शनिवार

आज पहिला सिनेमा सांगितला. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पंधरा माणसं होती, सगळी दृष्टिहीन. डोळस म्हणजे मी आणि मनोज. हा उपक्रम मनोज चालवतो. माझा जुना विद्यार्थी, भूगोलात कसाबसा पास झालेला. फोनवर म्हणाला होता, "मॅडम, तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत यायचा." निवृत्त झाल्यापासून दीड वर्षात मला इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं, म्हणून लगेच हो म्हणून बसले.

काम असं: सिनेमा चालू असतो, त्याचा आवाज सगळ्यांना येतो, मी माईक घेऊन बाजूला बसते. परदेशी संवाद मराठीत सांगायचे आणि पात्रं गप्प झाली की पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं. तेही त्या गप्प वेळात बसेल एवढंच. त्यासाठी घरी आधी दोनदा बघून वहीत लिहून काढावं लागतं. मनोजचा नियम एकच. दिसतं ते सांगा, आपल्याला वाटतं ते नको.

या हिवाळ्यात सगळे प्रवासाचेच सिनेमे आहेत. माणूस घर सोडतो, रानोमाळ फिरतो आणि शेवटी त्याला स्वतःचा शोध लागतो. मला या प्रकाराचं हसू येतं. स्वतःला शोधायला इतक्या लांब कशाला जायचं? आपण घरातच असतो की, गॅसपाशी नाहीतर नळापाशी.

आजच्या सिनेमातला माणूस नोकरी सोडून सायकलवर बर्फाचा घाट चढतो. आमच्या प्रेक्षकांना त्याच्या मनाची फिकीर नव्हती. "पंक्चरचं सामान घेतलंय का त्यानं?" "चढाला उतरून ढकलतोय की बसूनच?" मी सांगून सांगून दमले. खिडकीजवळ नवनाथभाऊ म्हणून एक गृहस्थ बसतात. एकसष्ट वर्षांचे, बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, बायको गेल्यापासून सातपूरला एकटेच राहतात. त्यांनी विचारलं, "बर्फाचा रंग कसला?"

"पांढरा."

"ते माहितीय हो मॅडम. एकवीस वर्षं मलाही डोळे होते. सावलीतला विचारतोय."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. सावलीतला बर्फ निळा होता. पस्तीस वर्षं मुलांना हिमनदी शिकवली, आणि हे मला आज दिसलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

एक गंमत झालीय. मला गप्प राहताच येत नाही. म्हणजे तोंड बंद असतं, पण आत सांगणं चालू. आज गंगापूर रोडने भाजी घेऊन येताना: एक बाई येते आहे. पिशवीतून मेथी डोकावते आहे. पलीकडे एक म्हातारा उन्हात खुर्ची टाकून बसला आहे, त्याच्या पायाशी उन्हाचा तुकडा पडला आहे. चालता चालता रस्ता हळूहळू रुंद झाला, गाड्यांचा आवाज मागे गेला आणि मी सरळ त्या घाटात. पायांखाली बर्फ करकरत होता. घराचं फाटक मागे राहून गेलं, तेव्हा भानावर आले.

प्रफुल्ल म्हणाला, "कुठे होतीस?" (डायरीत नावाने लिहिते, तोंडावर अहोच.) मी म्हटलं, "पाच हजार मीटरवर." त्याला वाटलं मी चिडलेय.

तो बाल्कनीत झाडांना पाणी घालत राखीशी बोलत होता. झाडं सहा, पाणी अर्धा तास. राखी आमची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी पुण्यातली चांगली नोकरी सोडली, आता हिमाचलात एका डोंगरातल्या गावात पाहुण्यांच्या खोल्या सांभाळते. जाताना म्हणाली, "आई, मला स्वतःला शोधायचंय." मी म्हटलं, "सापडलीस की मग ये." तेव्हापासून आम्ही बोललो नाही. मी काही रागावलेली नाही. मला फक्त बोलायला वेळ होत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज नदीवरचा सिनेमा होता. एक नवरा-बायको जुन्या होडीतून उगमापासून समुद्रापर्यंत जातात, वाटेत सारखे भांडतात. आमच्या हॉलला हा फार आवडला. भांडणं सांगताना मला वेगळा सराव करावा लागला नाही.

पाण्यावरचं धुकं सांगताना मात्र आवाज आपोआप खाली आला. होडी पुढे जाते आहे. काठ दिसत नाही. वल्ह्याचं टोक तेवढं दिसतं, मग तेही नाही. पंधराही माणसं माझ्या आवाजाच्या दिशेने किंचित वाकून बसली होती आणि मला वाटलं, आम्ही सगळे एकाच होडीत बसून कुठेतरी निघालो आहोत. हॉलच्या खिडक्यांबाहेर नाशिक नव्हतंच. इतकी सुखी मी कधी झाले होते ते आठवेना.

नवनाथभाऊंनी जाताना विचारलं, "मॅडम, समुद्राला पोचल्यावर ते दोघं काय शोधतात?"

"स्वतःला."

"आणि सापडतं?"

"सिनेमात सापडतं," मी म्हटलं.

"आपण दिसायला कसे आहोत तेसुद्धा माणसाला माहीत नसतं, बाकीचं काय सापडणार," म्हणाले आणि घडीची काठी उघडून जिना उतरले.

११ डिसेंबर, बुधवार

पुढचा सिनेमा घरी पाहिला. दुपारचे दोन तास कुठे गेले कळलं नाही. यात संवाद जवळजवळ नाहीतच. चाळिशीतली एक बाई एका बकरीला हातगाडीवर बसवून मिठाच्या पांढऱ्या माळावरून चालत जाते. अठराव्या वर्षी आईशी भांडून घर सोडलेलं, आता परत निघालीय. चार दिवस नुसतं पांढरं. आभाळ खाली आणि जमीन वर आहे की काय, कळेनासं होतं. शेवटी गाव, निळं दार. ती दार वाजवते. थांबते. पुन्हा वाजवते. मग पायरीवर बसते. दार बंदच. तीन मिनिटं नुसता वारा, आणि अंधार.

असले शेवट का करतात? वहीत लिहिलं, "दार बंदच राहतं." लिहिताना पेन दोनदा अडलं. रिफिल बदलायला हवी.

१४ डिसेंबर, शनिवार

लिहू की नको असं झालंय. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

आज मी खोटं सांगितलं.

सिनेमा फार छान चालला होता. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. ती बाई दारापाशी पोचली, दार वाजवलं, आणि मी वहीतलं वाक्य उचललं. ते तोंडापर्यंत आलं आणि मी म्हटलं, "दार उघडतं. आई बाहेर येते. म्हातारी झालीय, डोक्यावर पदर आहे. ती मुलीकडे बघत राहते. मग तिचा हात धरून तिला आत नेते."

पुढे वारा वाहत राहिला. पडद्यावर ती बाई पायरीवर एकटी बसली होती आणि हॉलमध्ये लोक रुमाल शोधत होते. टाळ्या वाजल्या. मनोज खाली चहाचं बघायला गेला होता, त्याने काही पाहिलं नाही. कळणार कुणालाच नाही. नवनाथभाऊंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ते कधीच वाजवत नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळपासून स्वतःशी वाद घालतेय. कुठली आई दार उघडणार नाही? मुलगी चार दिवस चालत आलीय, हातगाडी ढकलत, आणि ही आत बसून राहील? मी चुकीचं काही सांगितलेलं नाही. सिनेमावाल्यांनीच चुकीचं दाखवलंय.

प्रफुल्ल बाल्कनीतून म्हणाला, "राखी आहे फोनवर. बोलतेस?" मी म्हटलं, "माझे हात कणकेचे आहेत."

२१ डिसेंबर, शनिवार

अंगाशी आलं. सिनेमा संपल्यावर नवनाथभाऊ जिन्यात थांबले. म्हणाले, "मॅडम, मला कळवणकडे जायचंय, माझ्या गावी. तुम्ही याल का सोबत? नुसती सोबत नको, सांगायला."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. एकविसाव्या वर्षी विहीर खोदताना उडालेल्या सुरुंगात त्यांचे डोळे गेले. मग नाशिकला अंधांच्या शाळेत आले, टेलिफोनचं शिकले, इथेच राहिले. वडील, म्हणजे आबा, आधीच गेलेले; गावी आई आणि थोरला भाऊ सावळीराम. सव्वीस वर्षांपूर्वी आई गेली, तर भावाने कळवलंच नाही. आठ दिवसांनी गावचा कुणी बँकेत आला, त्याच्याकडून समजलं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "त्या धावपळीत तुला कुठं आणत बसनार?" यांनी उत्तर दिलं, "मग माझ्या लेखी तूही गेलास." त्यानंतर दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नाही.

"आता का जायचंय?" मी विचारलं.

"त्या सिनेमात शेवटी दार उघडलं ना?"

मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. जिन्यात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "हो."

"मग झालं तर," ते म्हणाले.

२ जानेवारी, गुरुवार

एक माणूस माझ्या थापेवर विसंबून सव्वीस वर्षांनी घरी निघालाय. तिथे दार उघडलं नाही तर? त्याला दिसणारही नाही की ते बंद आहे. ते मला सांगावं लागेल. मी मनोजला म्हटलं, दुसरं कुणी पाठव. तो म्हणाला, "त्यांना तुम्हीच हव्यात."

दुपारी डोळा लागला तर मिठाचा माळ. मी हातगाडी ढकलतेय आणि गाडीवर नवनाथभाऊ बसलेत, मांडीवर काठी घेऊन, अगदी मजेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल जाऊन आलो. सगळं सांगायला वही पुरायची नाही, पण मन भरून आलंय, लिहिते.

सकाळची बस. दिंडोरी येईपर्यंत मी खिडकी सांगत होते. द्राक्षांचे घड उन्हापासून जपायला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत. बाया कांद्याची रोपं लावताहेत, ओळीने, सगळ्यांची पाठ आपल्याकडे. लांब सप्तशृंगीचा डोंगर आहे, धुरकट, हात लावला तर बोटाला लागेल असा. बसमधली दोन माणसंही कान देऊन ऐकायला लागली. खिडकी त्यांच्याही शेजारी होती. पण असं ऐकायला बरं वाटतं बहुतेक.

वणी सोडलं आणि मला राहवेना. म्हटलं, "नवनाथभाऊ, त्या सिनेमात दार उघडत नाही. मी खोटं सांगितलं."

"माहितीय."

"माहितीय?"

"अहो, दार उघडलं की आवाज होतो. बिजागरी नाही वाजली तरी वाऱ्याचा आवाज बदलतो, घरातला आवाज बाहेर येतो. तिथं काहीच झालं नाही. हॉलमध्ये निम्म्यांना तरी कळलं असेल. तुम्ही इतकं मनापासून सांगत होतात, कोण बोलणार?"

मला बसमधून खाली उडी मारावीशी वाटली. म्हटलं, "मग जिन्यात मला तसं का विचारलंत?"

"मला सोबत हवी होती," ते सरळ म्हणाले. "नुसतं चला म्हटलं असतं, तर तुम्ही काहीतरी कारण काढलं असतंत. तुमच्याकडून चूक झालेली, म्हणजे तुम्ही येणार." आणि इतके हसले की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

मी रागावले. वाटलं, उतरून परत जावं. पण त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. बस हलतेय म्हणून असेल असं आधी वाटलं. बस थांब्यावर उभी राहिली तरी त्यांनी ती सोडली नाही.

"फक्त आज तसं करू नका," ते म्हणाले. "जे असेल ते सांगा. वाईट असलं तरी."

फाट्यावर उतरून गावात चालत गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. सिमेंटचं बैठं घर, पुढे ओटा, दार अर्धं उघडं. मी दाराची कडी वाजवली आणि मागे आले. आतून एक म्हातारा माणूस आला, बनियनवर, हातात पेला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवनाथभाऊंकडे. पेला त्याच्या हातात तसाच राहिला. मग पेला उंबऱ्यावर ठेवून त्याने एक बोट ओठांवर नेलं आणि दुसरा हात जोरजोरात हलवला. मला म्हणाला, म्हणजे तोंडाने नाही, हाताने: घरी नाही म्हणून सांग.

नवनाथभाऊंनी विचारलं, "कोण आलंय?"

तेवढ्या वेळात मला काय काय वाटलं. कुणी नाही हो, शेतावर गेलेत. किती सोपं होतं! आम्ही चार वाजताच्या बसने परत आलो असतो, कुणाला काही लागलं नसतं. तो माणूस माझ्याकडे हात जोडत होता. आणि मला रडू येत होतं.

मी म्हटलं, "तुमचे भाऊ आहेत. दारात उभे आहेत. घरी नाही म्हणून सांगा, असं मला खुणेने सांगताहेत."

सावळीरामभाऊंचे जोडलेले हात खाली आले. नवनाथभाऊंनी काठीने ओटा चाचपला, वर चढून बसले आणि चप्पल काढून बाजूला ठेवली. म्हणाले, "जय भीम दादा. मी काय मागाया नाय आलो. मी हितं बसतो. तुला बघायचं तर बघ, मला काय कळनार नाय."

मी दोघांच्या मध्ये उभी. थोड्या वेळाने ते मला हळूच म्हणाले, "काय करतोय?"

"बघताहेत तुमच्याकडे."

"रागानं?"

मी नीट पाहिलं. "नाही. राग नाही."

अंगणात वाळत घातलेली मिरची, एक कोंबडी, दुपारचं ऊन. सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की मला वाटलं, मीच कुठल्यातरी सिनेमात उभी आहे आणि मला कुणीतरी लांबून सांगतंय. मग सावळीरामभाऊंच्या घशातून आवाज आला, बऱ्याच दिवसांनी दार लोटावं तसा.

"डोकं पार पांढरं झालं रे तुझं."

"आसं?" नवनाथभाऊ म्हणाले. "मला कोन सांगनार?"

"दचकलोच ना मी. म्हनलं आबाच आला. तसाच बसलाय, तसंच कपाळ. लय सारखा दिसाया लागलास आबासारखा."

नवनाथभाऊंनी हात वर नेला आणि स्वतःच्या कपाळावरून फिरवला, हळूहळू, कुणा दुसऱ्याचं कपाळ असल्यासारखा. एकविसाव्या वर्षी आरशात पाहिलेला मुलगाच त्यांच्याजवळ होता, चाळीस वर्षं. त्यानंतर त्यांना त्यांचा चेहरा कुणी सांगितला नव्हता. मी दोन महिने त्यांच्यापुढे बर्फ, नद्या, माळ सांगत होते. तुम्ही असे दिसता, हे सांगायचं मला एकदाही सुचलं नाही.

"आन नाक?" त्यांनी विचारलं. "नाकबी आबाचंच?"

"नाय," सावळीरामभाऊ ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले. "नाक आईचं हाय."

पुढचं मला नीट दिसलं नाही, त्यामुळे लिहिता येत नाही. जेवलो. चारची बस चुकली, सहाची मिळाली. परतीच्या वाटेवर मी खिडकी सांगितली नाही, त्यांनीही मागितली नाही. नाशिक येईपर्यंत त्यांनी आपलं नाक दोन बोटांत धरून ठेवलं होतं.

२० जानेवारी, सोमवार

आज चहा घेताना प्रफुल्लला विचारलं, "अहो, राखी आता कशी दिसते?"

त्याने कप खाली ठेवला. घाईघाईने मोबाइल काढला, फोटो शोधायला लागला. मी त्याचा हात धरला. "तसं नको. तिकडे जायचं कसं ते सांगा."

"नाशिकरोडहून दिल्ली," तो म्हणाला. "दिल्लीहून संध्याकाळची बस, सकाळी उतरायचं. तिथून दुसरी, लहान. स्टॉपवर एक दुकान आहे, त्याला राखीचं नाव सांगितलं की तो वाट दाखवतो. चढ आहे, तुला तासभर लागेल."

"एवढं पाठ कसं तुम्हाला?"

"दर महिन्याला गाड्या बघून ठेवतो," म्हणाला आणि कप उचलून आत गेला. नळ बराच वेळ चालू होता.

मला भीती वाटतेय, हे लिहून ठेवते. शोधायला ती गेली, असं मी दोन वर्षं म्हणत होते. बंद दाराच्या आत कोण बसलं होतं, ते आता मला कुणी सांगायला नको. तिने दारात येऊन हाताने नाही म्हटलं, तर तिथे शेजारी सांगायला कुणी नसेल, माझं मलाच दिसेल.

पायरीवर बसेन. तिला हवं तेवढं बघू दे.